अर्थिंग आधी परत जोडा, मग आवाजाचा माग काढू

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय २४. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो, नोकरी सांभाळून स्वतःची गाणी रेकॉर्ड करतो. सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणारी गुंडाळी) इलेक्ट्रिक गिटार, नऊ व्होल्टच्या दोन पिनी अडॅप्टरवर चालणारा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर, दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), लॅपटॉप आणि तीन पिनी प्लगचे दोन पॉवर्ड स्पीकर एवढं सामान आहे. प्रोसेसरच्या आउटपुटमधून साधी गिटारची केबल इंटरफेसला जाते. पॅच (जुळवून ठेवलेले इफेक्ट) बदलायला सोपं म्हणून प्रोसेसरची यूएसबी केबलही लॅपटॉपला कायम लावलेली असते. पहिल्या दिवसापासून हम येत होता. मित्राच्या सांगण्यावरून लॅपटॉपच्या चार्जरची अर्थिंगची पिन कापली. मोठा घूं आवाज गेला, पण बारीक शिट्टीसारखा आवाज आणि खरखर राहिलीच. शिवाय रात्री स्पीकरचे प्लग काढून हेडफोनवर वाजवताना चार्जर लावलेला असेल तर तारांना हात लागल्यावर मुंग्या येतात. सगळे म्हणतात इंटरफेस स्वस्तातला आहे, चांगला घे. २५ हजार जमवलेत. कोणता घेऊ?"

प्रिय वाचक,

२५ हजार तूर्त राहू द्या. कोणता इंटरफेस घ्यायचा यापेक्षा निकडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे तारांना हात लागल्यावर येणाऱ्या मुंग्या. आधी त्याचंच बघू.

चार्जर सॉकेटमधून काढा. पिन कापलेली वायर पुन्हा वापरू नका आणि दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून टाकून द्या. बहुतेक चार्जरची भिंतीकडची वायर वेगळी निघते. चार्जरच्या बाजूला तिचं तोंड तीन पाकळ्यांचं असतं. तशी तीन पिनी वायर कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात थोडक्या पैशांत मिळते, अख्खा चार्जर बदलावा लागत नाही. ती हातात येईपर्यंत वाजवताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवा.

मुंग्या का येतात ते समजून घ्या, कारण पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे. चार्जरमधून रेडिओच्या पट्ट्यातला गोंगाट बाहेर पडू नये म्हणून आत विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांच्यातून अगदी थोडा प्रवाह सतत गळत असतो. अर्थिंगची पिन असेल तर तो तिथून निघून जातो. पिन नसेल तर लॅपटॉपची धातूची बाजू २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्यावर तरंगत राहते, आणि गळणारा प्रवाह दुसरी वाट शोधतो: यूएसबी केबलची जाळी (आतल्या तारांभोवतीचं धातूचं कवच), इंटरफेस, गिटार केबलची जाळी, प्रोसेसर, गिटारचा ब्रिज, तारा, तुमची बोटं आणि जमीन. चार्जर धडधाकट असताना हा प्रवाह मिलीअँपिअरच्या अंशाएवढाच असतो, म्हणून नुसत्या मुंग्यांवर भागतं. पण चार्जरमधलं इन्शुलेशन एखाद्या दिवशी निकामी झालं, तर त्याच वाटेने पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि ते अडवायला मध्ये काहीही नसेल. उद्या मायक्रोफोन लावून गायलात तर ओठ माइकला आणि हात तारांना, म्हणजे प्रवाह थेट छातीतून. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीच्या कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. "पिन काढ, हम जाईल" हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहज दिला जातो की एकदा स्पष्ट सांगणं भाग आहे.

आता तुमच्या पत्रातल्या गृहीतकांकडे वळू. तुम्ही 'हम' हा एकच शब्द वापरला आहे, पण वर्णन तीन वेगळ्या आवाजांचं आहे: पिन कापल्यावर गेलेला घूं, न गेलेली शिट्टी आणि खरखर. एका उपायाने एक गेला आणि दोन राहिले, म्हणजे त्यांचा उगमही एक नाही. दुसरं गृहीतक असं, की हा गोंगाट इंटरफेसच्या आत तयार होतो. स्वस्तातल्या इंटरफेसचा स्वतःचा दोष बहुतेक वेळा वेगळ्या तऱ्हेचा असतो, तो सपाट 'स्स्स' असा येतो. घूं, खर्र आणि चिं हे आवाज केबलच्या जोडणीतून येतात, आणि जोडणी तीच ठेवलीत तर पन्नास हजारांच्या इंटरफेसमध्येही ते तसेच येतील.

पहिला घूं बघू. तुमचे स्पीकर तीन पिनी, चार्जरही तीन पिनी, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या आणि त्यांचं एक कडं तयार झालं. या कड्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि ऑडिओ केबलच्या जाळीच्या दोन टोकांत बारीकसा व्होल्टेज पडतो. साध्या केबलमध्ये ती जाळी म्हणजेच सिग्नलची परतीची तार असल्याने तो व्होल्टेज थेट सिग्नलमध्ये मिसळतो. केबलमधला लाइन सिग्नल (एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारा) साधारण ०.३ व्होल्टचा धरा. जाळीवर फक्त १ मिलीव्होल्ट पडला तरी हम सिग्नलच्या खाली जेमतेम ५० डेसिबलवर येऊन बसतो. शांत खोलीत तो सहज ऐकू येतो.

मित्राच्या युक्तीने हे कडं तुटलं, म्हणून घूं गेला. पण दिवसा, स्पीकर लावलेले असताना, तुमच्या लॅपटॉपची अर्थिंग स्पीकरच्या ऑडिओ केबलच्या बारीक जाळीवरून जात होती. रात्री स्पीकरचे प्लग काढले की तीही गेली, म्हणून मुंग्या रात्रीच येतात. कडं तोडायचंच असेल तर ते सिग्नलच्या केबलमध्ये तोडा, विजेच्या पिनमध्ये कधीही नाही.

इथे एक प्रश्न विचारतो, कारण पत्रात त्याचं उत्तर नाही. तो घूं रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्ये होता, की फक्त स्पीकरमधून ऐकू येत होता? जुना ट्रॅक मोबाइलवर घेऊन हेडफोनने ऐका. फाइल स्वच्छ असेल तर गिटार, प्रोसेसर आणि इंटरफेसचा इनपुट यांचा या हमशी काही संबंध नाही. दोष इंटरफेस ते स्पीकर एवढ्याच टप्प्यात आहे. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपतो. उपाय म्हणजे तीन भागांच्या जॅकची बॅलन्स्ड केबल: इंटरफेसच्या बाजूला टीआरएस, स्पीकरच्या बाजूला टीआरएस किंवा एक्सएलआर (माइकला असतो तसा तीन टोचण्यांचा गोल प्लग), जे तोंड स्पीकरला असेल ते. बहुतेक इंटरफेसचे मुख्य आउटपुट बॅलन्स्डच असतात. लोक घरात पडलेली गिटारची केबल लावतात आणि तो फायदा घालवतात. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन आतल्या तारांच्या फरकातून वाचला जातो, जाळीतून काय फिरतंय याला महत्त्व राहत नाही.

आता शिट्टी. तुमच्या जोडणीत दुसरं एक कडं आहे आणि त्याचा भिंतीतल्या विजेशी संबंधच नाही. प्रोसेसर ऑडिओ केबलने इंटरफेसला, इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला, आणि लॅपटॉप दुसऱ्या यूएसबीने परत प्रोसेसरला. लॅपटॉपच्या आत सीपीयू, डिस्क, स्क्रीन यांचे प्रवाह क्षणाक्षणाला बदलतात आणि त्यांचा काही भाग या कड्यातून फिरून तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीवर येतो. माउस हलवला किंवा खिडकी स्क्रोल केली की शिट्टीचा सूर बदलतो का बघा. बदलत असेल तर चोर सापडला. लॅपटॉप बॅटरीवर असतानाही ही शिट्टी येते, तीही एक खूण. यूएसबीचा आपला ठोका आहे: फुल स्पीडवर दर मिलिसेकंदाला एक, म्हणून १ किलोहर्ट्झ आणि त्याच्या पटींतले सूर, आणि हाय स्पीडवर ८ किलोहर्ट्झ. डिस्टॉर्शनच्या पॅचमागे हे दडून राहतं आणि क्लीन पॅचवर उघडं पडतं.

उपाय फुकटचा आहे. प्रोसेसरची यूएसबी केबल काढून ठेवा. पॅच बदलायचे तेव्हा लावा, बदलून झाले की काढा. नुसतं सॉफ्टवेअर बंद करून उपयोग नाही. केबल शारीरिकरीत्या निघाली पाहिजे, कारण प्रवाह फिरतो तो तिच्या धातूतून.

खरखरीबद्दल तर्क करत बसण्यापेक्षा माग काढलेला बरा. त्यासाठी एक संध्याकाळ द्या आणि सगळं सामान एकमेकांपासून सोडवून सुरुवात करा. प्रोसेसर एकटा, त्याच्याच फोन्सच्या जॅकमध्ये हेडफोन, बाकी एकही केबल नाही. पॅच सगळे इफेक्ट बंद असलेला घ्या. (बॅटरीवर चालणारे काही प्रोसेसर इनपुटमध्ये जॅक घातल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तेव्हा केबल लावा आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा.) इथेच खरखर असेल तर संशय अडॅप्टरवर. बॉस जीटी-१ किंवा झूम जी१ फोरसारखा चार पेन्सिल सेलवर चालणारा प्रोसेसर असेल तर सेल घालून ऐका. सेलवर शांत आणि अडॅप्टरवर खरखर, म्हणजे निकाल लागला. अडॅप्टर बदलताना लेबलवरच्या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट, ध्रुवता (बहुतेक गिटार इफेक्टमध्ये मधली टोचणी ऋण असते, गोल चिन्हांचं चित्र बघा) आणि मिलीअँपिअर, जे प्रोसेसरच्या गरजेइतके किंवा जास्त हवेत. एकाच अडॅप्टरवरून डिजिटल प्रोसेसर आणि दोन-तीन साधे पेडल साखळीने चालवत असाल तर ते वेगळे करा; डिजिटल भागाचा गोंगाट त्या सामाईक तारेवरून ॲनालॉग पेडलमध्ये शिरतो.

प्रोसेसर एकटा शांत असेल तर गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि फिरत्या खुर्चीवर बसून हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज वाढतो आणि तिथून काटकोनात वळलं की जवळजवळ नाहीसा होतो? तो तुमच्या सिंगल कॉइलचा आवाज. कॉइल ही मुळात अँटेनाच. आजूबाजूच्या चार्जर, ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र ती पकडणारच. जगातला कुठलाही इंटरफेस हे घालवू शकत नाही. गिटार लॅपटॉपपासून आणि अडॅप्टरांपासून मीटरभर लांब नेणं, ज्या दिशेला आवाज कमी तिकडे तोंड करून रेकॉर्ड करणं, आणि दोन पिकअप एकत्र वापरल्यावर हम दबत असेल तर ती जागा वापरणं, एवढंच हातात आहे. पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेला बऱ्याच गिटारवर तसं होतं, कारण मधली कॉइल उलटी गुंडाळलेली असते.

खुर्चीवर फिरून बदलत नाही, पण पंख्याच्या रेग्युलेटरबरोबर बदलते अशी खरखर आपल्या घरांमध्ये फार असते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट दर अर्ध्या फेऱ्यात मधूनच कापतो, सेकंदाला १०० वेळा. त्या तीक्ष्ण कडांची खर्र पिकअपमध्ये उतरते. पंखा मधल्या वेगावर असताना ती सर्वात वाईट, पूर्ण वेगावर कमी, आणि बंद केला की गायब. रेकॉर्डिंगच्या चार मिनिटांपुरता पंखा एकतर पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा. मंद करता येणारे दिवे याच जातीचे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना ते बघावं; स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर कितीही निगुतीने जोडणी केली तरी खरखर येते.

एवढं झाल्यावर प्रोसेसर इंटरफेसला जोडा. लॅपटॉप बॅटरीवर, स्पीकर सुटे, हेडफोन इंटरफेसला. तारा तळव्याने दाबून दहा सेकंद रेकॉर्ड करा. मग चार्जर लावून दहा सेकंद, मग स्पीकर जोडून, आणि शेवटी प्रोसेसरची यूएसबी लावून. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. प्रत्येक तुकड्याला नाव द्या. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा आणि साइझ १६३८४ करा, नाहीतर ५० आणि १०० हर्ट्झचे सुळके एकमेकांत मिसळून दिसतात. ५० चा सुळका एकटाच उंच असेल तर अर्थिंगचं कडं किंवा पिकअप. १००, २००, ३०० अशी रांग असेल तर अडॅप्टर किंवा रेग्युलेटर. १०००, २०००, ३००० अशी रांग असेल तर यूएसबी. कान थकतात, सवयीने आवाज विसरतात; हे चित्र विसरत नाही, आणि उद्या कुणाची मदत मागायची झाली तर दाखवायलाही येतं.

जोडणीतच बऱ्याच जणांकडून होणारी एक चूक तुमच्याकडूनही होत असावी असं वाटतं, कारण तुम्ही "साधी गिटारची केबल इंटरफेसला" एवढंच लिहिलं आहे. इंटरफेसवर 'इन्स्ट' लिहिलेलं बटण थेट गिटार लावण्यासाठी असतं. प्रोसेसर मध्ये आला की ते बंद हवं, म्हणजे इनपुट लाइनवर. इन्स्टवर इनपुट बॅलन्स्ड राहत नाही आणि गेनही (सिग्नलची वाढ) जास्त मिळतो, म्हणजे केबलमधला कचराही फुगतो. एक्सएलआरच्या तोंडातून माइकच्या प्रीअँपमध्ये (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) लाइन सिग्नल घालणं त्याहून वाईट. ४८ व्होल्टचं (काही माइकना वीज पुरवणारं) बटण बंद असल्याची खात्री करा. प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये आउटपुट 'लाइन' किंवा 'लाइन/फोन्स' निवडा. 'काँबो अँप' किंवा 'स्टॅक'वर राहिलं तर आवाजाचा पोतच बिघडतो, आणि दोष केबलवर जातो. मग प्रोसेसरचा मास्टर पाऊणपर्यंत चढवा आणि इंटरफेसचा गेन शून्यापासून वर आणत सगळ्यात जोराच्या स्ट्रमला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असा ठेवा. प्रोसेसर दबका आणि इंटरफेसचा गेन पूर्ण, अशी उलटी मांडणी केली तर मधल्या केबलमध्ये शिरलेला हम सिग्नलइतकाच वाढतो.

स्टीरिओ हवं असेल तर दोन्ही इनपुट लाइनचे आहेत का ते आधी बघा. फोकसराइट स्कार्लेट सोलोसारख्या इंटरफेसवर एक तोंड माइकचं आणि एकच लाइन किंवा गिटारचं असतं. तिथे प्रोसेसरच्या 'लेफ्ट/मोनो' जॅकमधून मोनोच घ्यावं लागतं. २आय२ वर दोन्ही इनपुट लाइनला लागतात.

एवढं करूनही प्रोसेसर ते इंटरफेस या टप्प्यात हम उरला तर एक केबल करून घ्या. स्वतः सोल्डर करता येत नसेल तर साउंडवाल्याकडून करून घ्या, त्याच्यासाठी अर्ध्या तासाचं काम. दोन आतल्या तारांची जाळीची माइक केबल ३ मीटर, पाव इंची टीएस जॅक (दोन भागांचा: टोक म्हणजे टिप, मागचा भाग म्हणजे स्लीव्ह) एक, टीआरएस जॅक (मध्ये रिंग असलेला) एक, १०० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर एक. स्टीरिओसाठी सगळं दुप्पट. टीएस प्रोसेसरकडे, टीआरएस इंटरफेसकडे. लाल तार टीएसच्या टिपवरून टीआरएसच्या टिपला. पांढरी तार टीएसच्या स्लीव्हवरून टीआरएसच्या रिंगला. जाळी टीआरएसच्या स्लीव्हला थेट. टीएसच्या टोकाला मात्र थेट नाही, मध्ये तो रेझिस्टर घालून स्लीव्हला. आता परतीचा सिग्नल पांढऱ्या तारेतून जातो आणि जाळीतल्या प्रवाहाला रेझिस्टर आडवा येतो. काही जण प्रोसेसरच्या टोकाला जाळी पूर्ण सुटी ठेवायला सांगतात. तुमच्यासारख्या दोन पिनी अडॅप्टरवर तरंगणाऱ्या प्रोसेसरला ते कधीकधी भोवतं, आधार सुटल्याने खरखर उलट वाढते, म्हणून रेझिस्टर. मल्टिमीटरने तपासा: टिप ते टिप बीप, स्लीव्ह ते रिंग बीप, स्लीव्ह ते स्लीव्ह बीप नाही, १०० ओहम. ही केबल लाइन इनपुटलाच लावायची. इन्स्टचं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर सगळी मेहनत वाया.

सोल्डरिंगला हात न लावता पर्याय हवा असेल तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) घ्या. प्रोसेसर डीआयमध्ये, डीआयमधून एक्सएलआर इंटरफेसच्या माइक इनपुटला, लिफ्ट चालू. आतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू विजेने वेगळ्या करतो. सिग्नल साधारण २० डेसिबलने खाली येतो, तो प्रीअँपवर परत चढवावा लागतो. मोठ्या प्रोसेसरवर एक्सएलआर आउटपुटशेजारीच लिफ्टचं बटण असतं. हे बटण सिग्नलच्या केबलची जाळी तोडतं, विजेची अर्थिंग नाही, म्हणून ते बिनधास्त दाबावं. गाडीतल्या स्टीरिओसाठी मिळणारे स्वस्त आयसोलेटर मात्र टाळा; त्यांचा गाभा छोटा असतो, खर्जाचे सूर जोरात आले की ते चेपतात.

यूएसबी आयसोलेटर नावाची छोटी डबीही सुचवली जाते. बाजारातल्या स्वस्त डब्यांत बहुधा एडीयूएम ४१६० किंवा त्याच्या भावंडांपैकी चिप असते, आणि ती सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालते. तुमचा इंटरफेस हाय स्पीडचा, ४८० मेगाबिटचा, असण्याचीच शक्यता जास्त. तो तिच्यातून एकतर सुरूच होणार नाही किंवा अडखळेल. ४८० मेगाबिटचे आयसोलेटर मिळतात, पण वर सांगितलेल्या केबलपुढे ते महागात जातात.

आणखी एक वाट आहे: इंटरफेस बाजूला ठेवून प्रोसेसरचीच यूएसबी ऑडिओ वापरणं, तुमच्या प्रोसेसरमध्ये ती सोय असेल तर. गिटार प्रोसेसरच्या आतच डिजिटल होते, त्यामुळे मधल्या ॲनालॉग केबलचा प्रश्नच मिटतो. माझं मत विचाराल तर नुसत्या गिटारच्या ट्रॅकसाठी हीच सर्वात स्वच्छ वाट. अडचणी दोन. विंडोजवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच असिओ ड्रायव्हर (ऑडिओ यंत्र सॉफ्टवेअरशी जोडणारा प्रोग्राम) धरतं, म्हणजे त्याच वेळी इंटरफेसवरून गाणं रेकॉर्ड करता येत नाही. मॅकवर ॲग्रिगेट डिव्हाइस करून (दोन यंत्रं एकच धरून) जमतं. आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) जुळला पाहिजे: प्रोसेसर ४४.१ किलोहर्ट्झवरच चालणारा असेल आणि प्रोजेक्ट ४८ चा असेल तर टिकटिक तरी ऐकू येते किंवा आवाजच येत नाही. दोन्ही यंत्रांना एसपीडीआयएफची ऑप्टिकल (डिजिटल आवाज प्रकाशातून नेणारी) तोंडं असतील तर तेही उत्तम, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून अर्थिंगचं कडं होऊच शकत नाही. फक्त इंटरफेसचा क्लॉक त्या इनपुटवर लावायचा.

राहिली खोलीची अर्थिंग. नवी वायर आल्यावर, स्पीकर आणि चार्जर दोन्ही तीन पिनी लावूनही मुंग्या आल्याच, तर अर्थ एकच: सॉकेटमध्ये तिसरं भोक आहे, पण त्यामागे अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास आढळतं. तपासणी वायरमनकडून करून घ्या. त्याला तीन आकडे विचारा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थला ८०-१०० असं काहीतरी अधांतरी दिसलं तर अर्थिंग तुटलेली आहे. न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य, गीझर चालू केला तरी शून्यच, हेही संशयास्पद: कुणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून ठेवलेलं असू शकतं. तसं असेल आणि न्यूट्रल कुठे तुटला, तर प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर फेज येतो. दोनतीनशे रुपयांचा तीन दिव्यांचा टेस्टर ही खोड ओळखू शकत नाही, म्हणून वायरमन. घरमालकाशी बोलताना रेकॉर्डिंगचं नाव काढू नका. फ्रिज आणि गीझरची गोष्ट करा, काम लवकर होईल.

अर्थिंग ठीक असेल तर सगळं सामान एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या स्पाइक गार्डवरून चालवा. भीती बाळगू नका: लॅपटॉप ६५ वॅट, दोन छोटे स्पीकर मिळून १०० च्या आसपास, प्रोसेसर पाच, आणि सहा अँपिअरचं सॉकेट १३८० वॅटपर्यंत देतं. लॅपटॉप खोलीच्या एका भिंतीवर आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवर लावले की अर्थिंगचं कडं अख्ख्या खोलीएवढं होतं, आणि कडं जितकं मोठं तितका हम जास्त.

नॉइज गेट (थ्रेशोल्ड या ठरवलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो दोन सुरांमधली शांतता साफ करतो. सुरांखालचा हम तसाच असतो आणि लांबवलेल्या सुराचं शेपूट मधेच कापलेलं ऐकू येतं. वरचं सगळं करून पिकअपचा जो थोडा आवाज उरेल, त्याच्या जेमतेम वर थ्रेशोल्ड लावा.

नवा इंटरफेस कधी घ्यावा? सगळ्या केबल काढून, गेन नेहमीच्या जागेवर ठेवून रेकॉर्ड केलेल्या शांत तुकड्यात जर 'स्स्स' ठळक असेल, किंवा स्टीरिओ गिटारबरोबर गाणंही एका वेळी हवं म्हणून इनपुट कमी पडत असतील, तर जरूर घ्या. तोवर नवी पॉवर वायर, स्पीकरसाठी दोन बॅलन्स्ड केबल आणि लागलीच तर ती सोल्डर केलेली केबल, एवढाच खर्च.

आधीचे ट्रॅक फेकू नका. ऑडॅसिटीत नॉच फिल्टर (एका सुराभोवतीची अरुंद पट्टी कापणारा) ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर, क्यू (पट्टीचा अरुंदपणा) ३० च्या पुढे ठेवून, एकामागून एक लावा. गिटारचा खालचा ई ८२ हर्ट्झला असतो, त्याला धक्का लागत नाही. १०० आणि १५० चे फिल्टर मात्र खालच्या जी आणि डीच्या अगदी जवळ येतात, तेव्हा लावल्यावर ते सूर पोकळ वाटत नाहीत ना ऐका. शिट्टीसाठी १००० वर आणखी एक. मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवा.